सगळं हाय की

"गुरप्पा, आवाज वाढव की जरा," शिवप्पा मालक गादीवरून म्हणाले.

गुरप्पाने मांडीवरची चादर तशीच अर्धी ठेवली आणि रिमोट शोधायला उठला. ती चादर कुणी मागितली नव्हती. नवी पेठेतल्या त्या दुकानात दुपारपासून एक गिऱ्हाईक चढलं नव्हतं. पण बसलेलं दुकान रस्त्यावरून बसलेलं दिसू नये, म्हणून गुरप्पा अधूनमधून एखादी चादर गादीवर पसरायचा, कुणाला तरी दाखवल्यासारखा तिच्यावरून हात फिरवायचा आणि पुन्हा घडी घालायचा. मिसरूड फुटायच्या आत तो या दुकानाची पायरी चढला होता, आता मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मधल्या काळात त्याने काय केलं असं कुणी विचारलं, तर चादरी उलगडल्या आणि चादरी घडी केल्या, एवढंच सांगण्यासारखं होतं.

चौदा ऑगस्टची संध्याकाळ होती आणि टीव्हीवर राष्ट्रपतींचं भाषण लागणार होतं. एरवी या भाषणाच्या वेळी लोक भाजी आणायला बाहेर पडतात. यंदाची गोष्ट वेगळी होती. मंदीने गावाचा गळा धरला होता. टॉवेलचे कारखाने एकेक पाळी बंद करत होते, भवानी पेठेतल्या मागांचा खडखडाट थांबला होता, आणि खडखडाट थांबला की सोलापूरकराला झोप लागत नाही. राष्ट्रपती आज काहीतरी जाहीर करणार, अशी हवा कुणीतरी सोडली होती. त्यामुळे समोरचा पानवालासुद्धा टपरी सोडून दुकानाच्या पायरीवर येऊन बसला होता.

दुकानातल्या पाचही सेल्समनचं सगळं लक्ष टीव्हीकडे होतं. शिमग्यापासून त्यांना अर्धा पगार मिळत होता आणि गेले दोन महिने तोही नव्हता. वर कुजबुज होती की मालक तिघांना काढणार. म्हणून पाचही जणांनी ठरवलं होतं, सोमवारी सकाळी मिळून मालकांपुढे उभं राहायचं आणि सांगायचं की पगार मागेपुढे द्या, पण दिवाळीपर्यंत कुणाला काढू नका. बोलायचं गुरप्पाने. तो सगळ्यांत जुना, मालकही त्याला मानायचे. हे ठरवण्यात तौसिफ पुढे होता. तिशीतला, तोंडाने फटकळ पण हाताचा गोड पोरगा. घडी घालायला त्याला गुरप्पानेच शिकवलं होतं. त्याची बायको गुलनाज पोटुशी होती.

भाषण झालं. देश कठीण काळातून जातो आहे, प्रत्येकाने थोडं सोसायला हवं, येणाऱ्या पिढ्या आपला त्याग विसरणार नाहीत, असं राष्ट्रपतींनी शांत आवाजात सांगितलं. शब्द चांगले होते, आवाज चांगला होता, मागचा झेंडाही चांगला होता. पानवाला उठला आणि पँट झटकत म्हणाला, "बोलाचाच भात, बोलाचीच कढी. चला, चुना भिजवतो."

दिवेलागण झाली होती. दुकानात सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीपुढे दिवा लावायचं काम गुरप्पाचं. तो वात वळायला बसला.

या दिव्याचा आणि गुरप्पाच्या बायकोचा एक नियम होता, तो इथे सांगायला हवा. मल्लव्वा अक्कलकोटकडची, कानडी मुलखातली. दिवा लावायच्या वेळी घरात 'नाही' म्हणायचं नाही, हे ती माहेराहून घेऊन आली होती. मीठ नाही, तेल नाही, पैसे नाहीत, असं काही काही तोंडातून काढायचं नाही. लक्ष्मी दारात उभी असते, ती ऐकते आणि उलट्या पावली परत जाते. दारसुद्धा दिवा लागल्यापासून जेवणं होईपर्यंत उघडं ठेवायचं. शेजारणींना हे पाठ होतं. भिंतीपलीकडची मथुराबाई साखर मागायला नेमकी तिन्हीसांजेलाच वाटी घेऊन यायची. मल्लव्वा डबा खडखडीत असला तरी हसून सांगायची, "हाय की. सकाळी या, देते." उभ्या संसारात गुरप्पाने या वेळेला 'नाही' उच्चारलं नव्हतं. दुकानात तर गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचंच नसतं. हवा तो रंग नसला तरी "दाखवतो की" म्हणायचं आणि दुसरा उलगडायचा. थोडक्यात, त्या माणसाच्या तोंडातून हा शब्द झिजूनच गेला होता.

गुरप्पाने काडी ओढली आणि तेवढ्यात पायरीवर उजेड पडला. गावातल्या एका चॅनेलची मुलगी माइक घेऊन आली होती, मागे कॅमेरेवाला. राष्ट्रपतींच्या भाषणावर सामान्य माणसाची प्रतिक्रिया हवी, म्हणाली. मालकांनी घसा साफ केला, पण तिला मालक नको होते. तिने तौसिफपुढे माइक धरला. तौसिफ क्षणभर घुटमळला आणि त्याने माइकचं तोंड गुरप्पाकडे वळवलं.

"हे आमचे मोठे. यांना विचारा," तो म्हणाला, आणि गुरप्पाच्या कानाशी वाकून पुटपुटला, "काका, आज बोलो. अख्खं गाव ऐकतंय. नक्को डरो."

ठरवून मिळाली नसती अशी संधी होती. सोमवारची वाट पाहायचीही गरज नव्हती. गावासमोर एकदा सांगितलं असतं तर मालकांना कुणाला काढायची लाज वाटली असती. गुरप्पाला हे कळत होतं. त्याच्या तोंडाशी शब्द आलेही होते.

"काका, राष्ट्रपती म्हणतात थोडं सोसा," मुलगी म्हणाली. "या मंदीत तुमच्या घरी, तुमच्या दुकानात, सगळं पुरेसं आहे का?"

गुरप्पाच्या बोटात पेटती काडी होती. समोर वात होती, वर सिद्धराम. काडी बोटापर्यंत आली, त्याने ती वातीला टेकवली आणि गिऱ्हाइकाकडे वळावं तसा तो कॅमेऱ्याकडे वळून हसला.

"हाय की," तो म्हणाला. "शिद्धरामाच्या दयेनं सगळं हाय की. आजवर सोसलं, आता बी सोसतो की."

मुलगी खूश झाली. मालकांनी चहा मागवला. तौसिफने एक चादर उचलली, तिची घडी मोडली आणि पुन्हा घालायला लागला. त्याने गुरप्पाकडे पाहिलं नाही.

घरी मल्लव्वाने मथुराबाईच्या टीव्हीवर ते आधीच पाहिलं होतं. ती दारातच उभी होती. नवऱ्याने दिव्याचा मान राखला, म्हणून तिचा चेहरा फुलला होता. मथुराबाईही वाटी घेऊन हजर होती; सगळं आहे म्हणता तर वाटीभर साखर द्या, असं तिने थट्टेने म्हणून घेतलं. मल्लव्वाने खरोखरच डबा उपडा करून तिला साखर दिली. मग ती चुलीकडे वळली. उन्हाळ्यापासून ती कडक भाकरी थापून एका दुकानात देत होती, त्यातल्या मोडक्या भाकरीच दोघांच्या ताटात यायच्या.

"री, लई ग्वाड बोललासा," ती म्हणाली. नवऱ्याला ती माहेरच्या रीतीने 'री' म्हणायची. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

गुरप्पा आमटीत भाकरी मोडत राहिला. तौसिफने काय सांगितलं होतं, ते त्याने तिला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन होईपर्यंत गुरप्पा गावाच्या मोबाइलमध्ये शिरला होता. राष्ट्रपती काय म्हणाले हे लोक दोन दिवसांत विसरले. गुरप्पा काय म्हणाला ते मात्र पोरांनाही पाठ झालं. रिक्षा स्टँडवर जागा आहे का विचारलं की उत्तर यायचं, सगळं हाय की. हॉटेलात भजी आहेत का विचारलं की पोऱ्यापासून मालकापर्यंत सगळे तेच. कुणी लिहिलं, याला म्हणतात देशभक्ती, शिका जरा. कुणी लिहिलं, शेठचा चमचा दिसतोय. जुळे सोलापूर वसाहतीतल्या एका पगारदार गृहस्थाने लिहिलं की गरीब माणूस समाधानी असतो, कटकट मध्यमवर्गाचीच असते, आणि त्याखाली लोकांनी हात जोडले. पेठेतल्या एका पुढाऱ्याने तर गुरप्पाचा सत्कार केला. नारळ दिला आणि शालीऐवजी सोलापुरी चादर पांघरली. ती चादर शिवप्पा मालकांच्याच दुकानातली होती. सकाळी गुरप्पानेच ती घडी करून पिशवीत घातली होती.

सोमवार उजाडला. पाच जण मालकांपुढे उभे राहिले. गुरप्पाने एकदा मालकांकडे, एकदा गादीकडे पाहिलं आणि रात्रभर घोकलेलं वाक्य सुरू केलं. मालकांनी त्याला हाताने थांबवलं, मोबाइल काढला आणि टेकवून ठेवला. पडद्यावरचा गुरप्पा हसला आणि म्हणाला, सगळं हाय की.

"हे तूच बोलला न्हवं?" मालकांनी विचारलं. ते चिडलेले नव्हते. उलट आवाजात माया होती, आणि तीच वाईट.

"बोललो, मालक. पर..."

"पर काय? सगळ्या गावाला सांगितलंस, आमच्यात सगळं हाय. आता मला सांगतोस, काय न्हाय. मग त्या दिवशी खोटं बोललास? देवापुढं दिवा लावताना?"

हो म्हटलं तर दिव्यापुढे खोटं बोलल्याचा कबुलीजबाब. नाही म्हटलं तर मागणंच संपलं. मालकांनी मोबाइल खिशात घातला. गुरप्पाच्या शब्दावरच मी चालतो, म्हणाले, आणि सगळं आहे तर मग पगाराशिवाय दिवाळीपर्यंत ओढा. मात्र तिघांनी उद्यापासून यायचं नाही. त्यांत तौसिफचं नाव पहिलं होतं.

तौसिफने भांडण केलं नाही. त्याने डबा घेतला, चपला घातल्या. गुरप्पा त्याच्यामागे पायरी उतरून रस्त्यापर्यंत गेला आणि दिव्याचं, मल्लव्वाच्या नियमाचं काहीबाही सांगू लागला. तौसिफने सगळं ऐकून घेतलं.

"त्या दिवशी दिवा होता, काका. समजलो," तो म्हणाला. "आज सकाळी कुटं दिवा होता?"

आणि तो गर्दीत गेला. तौसिफ खरं बोलला होता. दिवा हे निमित्त होतं. जन्मभर न बोललेला शब्द सकाळीही तोंडात येत नाही, दुपारीही येत नाही, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि स्वतःची किळस आली.

दसऱ्याला मालकांनी बाहेरचा माणूस बोलावून दुकानावर मोठा बॅनर लावला. त्यावर गुरप्पाचा हसरा फोटो आणि खाली 'सगळं हाय की! दसरा-दिवाळी सेल'. लोक फोटो काढायला थांबत, चादरी घ्यायला कुणी चढत नसे. दिवाळी सरली आणि मालकांनी गुरप्पालाही निरोप दिला. फार वाईट वाटतंय, म्हणाले, आणि ते बहुधा खरंही होतं. बॅनर मात्र तसाच राहिला, कारण तो उतरवायला शिडी लागते आणि शिडीवर चढणारा तौसिफ आता तिथे नव्हता.

तौसिफ भाड्याची रिक्षा चालवायला लागला होता. एकदा पार्क चौकात तो गुरप्पाला दिसला. गुरप्पा घाईघाईने जवळ गेला. गुलनाज कशी आहे, बाळ कसं आहे, सगळं एका दमात विचारायचं होतं. तौसिफने मीटरवरचं फडकं काढलं आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "कुटं जायाचं?"

गुरप्पाला कुठेच जायचं नव्हतं. तो चालत घरी आला.

पुढे जानेवारीची पंचवीस तारीख आली. राष्ट्रपतींचं पुन्हा भाषण होतं. सूर्य मावळायला आला असताना गल्लीत तीच मुलगी आणि तोच कॅमेरेवाला आले. मागे पोरं, त्यांच्यामागे बायका, आणि सगळ्यांच्या पुढे मथुराबाई. मुलगी बिचारी गोड होती. लोक तुमची फार आठवण काढतात काका, म्हणाली, यंदाही तुमची प्रतिक्रिया हवीच.

"भाषान अजून व्हायचंय की," गुरप्पा म्हणाला.

"ते सातला होईल हो. बातमीपत्र लगेच असतं, नंतर धावपळ होते. तुम्ही आधीच बोलून ठेवा." मग ती घरात डोकावली. "ती सत्काराची चादर आहे ना? ती घ्या अंगावर."

मल्लव्वा आत दिव्यापाशी बसली होती. तिच्या हातात काडेपेटी होती. माणसं दारात असताना दिवा थांबवायचा नाही, म्हणून तिने तो लावला. गुरप्पाने चादर घेतली नाही. तो उंबऱ्यात बसला. मुलीने तोच प्रश्न विचारला, घरात सगळं आहे ना? पोरं हसू दाबून उत्तराची वाट पाहायला लागली.

गुरप्पाने मागे वळून दिव्याकडे पाहिलं. मग बायकोकडे. त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले.

"न्हाय," तो म्हणाला.

त्याने मान कॅमेऱ्याकडे वळवली.

"आमच्यात काय न्हाय. तवाबी नव्हतं. दोन महिने पगार नव्हता, आन मी सगळं हाय म्हणून सांगितलं. माझ्या तोंडानं तौसिफचं काम गेलं. त्याची बायको पोटुशी होती. मी खोटं बोललो, दिव्यापुढं बोललो. तौसिफ, तू कुटं असशील तितं ऐक बाबा. मी खोटं बोललो."

एवढं बोलायला त्याला सगळं आयुष्य लागलं होतं. मुलीने माइक खाली घेतला, कॅमेरेवाल्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं की काका, एकदा नेहमीसारखं म्हणाल का, हसून? लोकांना तेच आवडतं. गुरप्पाने नकाराची मान हलवली. मग ती साडेसातच्या बातम्यांत बघा, एवढं सांगून गेली. पोरंही पांगली.

गुरप्पाकडे टीव्ही नव्हता. तो भिंतीला पाठ लावून बसला. पलीकडे मथुराबाईचा टीव्ही मोठ्याने लागायचा आणि दोन्ही दारं उघडी असली की अक्षरन् अक्षर ऐकू यायचं. सात वाजता भाषण सुरू झालं. परिस्थिती सुधारते आहे, देशाच्या संयमाचं फळ दिसू लागलं आहे, असं राष्ट्रपतींनी सांगितलं. गुरप्पाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो तौसिफचा विचार करत होता. यावेळी तो कुठल्यातरी चौकात असेल, हॉटेलात टीव्ही असतो, चहाला थांबला असेल. नाही ऐकलं तरी उद्या कुणीतरी मोबाइलवर दाखवीलच. मागचं दाखवलं तसं हेही दाखवतील. आपल्या तोंडाने गेलं ते काम परत येणार नाही, हे त्याला कळत होतं. पण निदान पोराला कळेल.

मल्लव्वाने ताटं मांडली नाहीत. तीही ऐकत होती.

बातम्या लागल्या. राष्ट्रपतींच्या भाषणावर सोलापूरकरांच्या प्रतिक्रिया, असं कुणीतरी म्हणालं. एक व्यापारी बोलला. एक कॉलेजची मुलगी बोलली. मग मघाचीच मुलगी हसऱ्या आवाजात म्हणाली, आणि आता आपल्या सगळ्यांचे लाडके गुरप्पाकाका. गुरप्पा भिंत सोडून ताठ बसला.

पलीकडून त्याचाच आवाज आला, ऑगस्टमधला.

"हाय की. शिद्धरामाच्या दयेनं सगळं हाय की. आजवर सोसलं, आता बी सोसतो की."

मथुराबाईच्या घरात पोरं हसली. कुणीतरी आवाज आणखी वाढवला आणि चॅनेलने ते पुन्हा एकदा दाखवलं.

गुरप्पा जमिनीकडे पाहत बसून राहिला. मल्लव्वा गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठली. देवापुढे दिवा जळत होता. ती त्याच्या बाजूने उंबऱ्यापाशी गेली, बाहेरच्या अंधाराकडे पाहिलं, आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, जेवणं व्हायच्या आधी तिने दार लोटलं आणि कडी घातली.